नेग्रोनी: काउंटचे नाव, बारटेंडरचा हात

३० मिलिलिटर जिन, ३० मिलिलिटर कांपारी, ३० मिलिलिटर गोड तांबडे व्हर्मूथ. बर्फावर ओतायचे, ढवळायचे, वर संत्र्याची फोड. नेग्रोनी या जगप्रसिद्ध इटालियन कडू-गोड पेयाची कृती एवढीच. साध्या वरणाची कृती याहून लांब असते. मात्र हे पेय प्रथम कोणी केले, कोठे आणि कोणासाठी, असे विचारले की एक काउंट, एक फ्रेंच सेनापती, दोन पक्षांचा कडवा वाद, लंडनहून आलेले एक पत्र आणि बहुतेक वेळा तळटीपेतच उरणारा एक बारटेंडर समोर येऊन उभे राहतात. हा धागा त्या प्रश्नाचा आहे. घरी पेला कसा भरावा हे ओघाने येईलच. पण आधी तिन्ही बाटल्या वाचाव्या लागतील, दप्तरखान्यातील कागद वाचावेत तशा.

पहिली बाटली व्हर्मूथची. व्हर्मूथ ही मुळात वाईन आहे: वनस्पतींचा अर्क, साखर आणि थोडे मद्यार्क घालून सुगंधी व काहीशी टिकाऊ केलेली. नाव आले जर्मन ‘वेर्मुट’ या शब्दावरून. वेर्मुट म्हणजे युरोपातील एक अतिशय कडू झुडूप, वनस्पतिशास्त्रातील आर्टेमिसिया या गणातले. हा गण मराठी माणसाला अनोळखी नाही. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा त्याच गणातला आहे. दवण्याची काडी बोटांनी चुरगळून नाकाशी धरली, तर व्हर्मूथच्या बाटलीत वासाचे कोणते कुळ नांदते याची पुष्कळशी कल्पना येते.

कडू वनस्पती वाईनमध्ये भिजवण्याची रीत ग्रीक-रोमन काळापासूनची, आणि हेतू औषधाचा. तिला दुकानात विकायच्या मालाचे रूप आले ते तुरीन शहरात. १७८६ मध्ये आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो याने तेथे आपले व्हर्मूथ विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. व्हर्मूथचा ‘जनक’ म्हणून त्याचे नाव घेतात, ते फारसे बरोबर नाही. त्याने शोध लावला तो पदार्थाचा नव्हे, गिऱ्हाइकाचा. तेव्हा तुरीन ही सव्हॉय घराण्याची राजधानी होती आणि ‘इटली’ नावाचे राज्य अस्तित्वात यायला अजून पाऊण शतक बाकी होते.

औषध आणि चैन यांच्यामधील भिंत या काळात फार पातळ होती. जेवणाआधी घेण्याच्या कडवट पेयाला इटालियन भाषेत ‘आपेरितीव्हो’ म्हणतात. मूळ लॅटिन धातूचा अर्थ उघडणे; हे पेय भूक उघडते, असा समज. कडू चव ही माणसाला उपजत नकोशी असते, कारण निसर्गातील कित्येक विषे कडू असतात. नुसते कडूपण ओळखण्यासाठी मानवी शरीरात सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत. म्हणून कडू आवडणे ही शिकून येणारी गोष्ट आहे, आणि ती शिकवण्यासाठी प्रत्येक समाज काही ना काही निमित्त काढतो. गुढीपाडव्याला कडुलिंबाचे पान चघळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे निमित्त वर्षारंभाचे, इटलीत संध्याकाळचे.

दुसरी बाटली कांपारीची, आणि ती इटलीच्या एकीकरणाच्या ऐन धामधुमीत जन्मली. गास्पारे कांपारी याने १८६० मध्ये नोव्हारा येथे आपले कडू लाल पेय सिद्ध केले. आदल्याच वर्षी मिलान शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यातून सुटले होते. पुढच्या वर्षी, मार्च १८६१ मध्ये, इटलीच्या राज्याची घोषणा झाली. १८६५ मध्ये मिलानच्या मध्यभागी, कॅथेड्रलशेजारी, नव्या राजाच्या नावाने एका काचेच्या छताच्या भव्य बाजाराची पायाभरणी झाली. १८६७ मध्ये ती ‘गालेरिया’ खुली झाली आणि गास्पारेने आपले दुकान तेथे थाटले. नव्या राष्ट्राच्या सर्वांत दिमाखदार इमारतीत बसून लोक जे प्यायले, त्यात हे पेय होते. पुढे त्याचा मुलगा दाव्हिदे याने त्याचा कारखाना केला आणि जाहिरातीला चित्रकार लावले. १९३२ मध्ये सोडा घालून बाटलीबंद केलेले कांपारी आले, तेव्हा त्याची शंकूसारखी बाटली फोर्तुनातो देपेरो या फ्युचरिस्ट चित्रकाराने रेखाटली होती.

कांपारीची कृती गुप्त आहे. तिच्यातील घटकांची खात्रीलायक यादी कोणी ठणकावून सांगू लागला, तर तो अंदाज करतो आहे असे खुशाल समजावे. तिचा लाल रंग मात्र कशाचा होता हे ठाऊक आहे: कोचिनील, म्हणजे फड्या निवडुंगावर वाढणाऱ्या एका मेक्सिकन किड्याचा रंग. स्पॅनिश साम्राज्याच्या व्यापारात या वाळवलेल्या किड्यांना फार मोठे मोल होते, इतके की ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये ते वाढवण्याचा खटाटोप केला. जो किडा हाती लागला तो हलक्या प्रतीचा निघाला, आणि बेत फसला. कांपारीने हा किडा २००६ च्या सुमारास सोडला आणि कृत्रिम रंग घेतला. शाकाहारी वाचकाला हे वाचून हायसे वाटेल. जुन्या जाहिरातींतल्या त्या लाल रंगावर लुब्ध असलेल्यांना कदाचित वाटणार नाही.

या दोन बाटल्या एकमेकींना भेटल्या, आणि त्या पेयाला नाव पडले ‘मिलानो-तोरिनो’. कांपारी मिलानची, व्हर्मूथ तोरिनोचे, म्हणजे तुरीनचे. कृती नावातच आली. त्यात सोडा घातला की झाले ‘अमेरिकानो’. अमेरिकन प्रवाशांना ते आवडे म्हणून हे नाव, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. व्युत्पत्तीच्या अशा गोष्टींवर किती भरवसा ठेवावा, हे स्थलनामांच्या दंतकथा ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला सांगायला नको. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर इटलीच्या उपाहारगृहांत अमेरिकानो सर्वत्र मिळत होते, एवढे आपल्या कामाला पुरेसे आहे.

तिसरी बाटली परकी. जिनचा उगम हॉलंडमधील ‘येनेव्हर’ या मद्यात. ज्यूनिपर नावाच्या झुडपाची निळसर फळे तिला वास देतात. त्याचेच भाईबंद हिमालयात वाढतात आणि आयुर्वेदात त्यांना हपुषा म्हणतात. १६८८ मध्ये हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीकडे निघाला, फ्रेंच ब्रँडीवर निर्बंध आले, देशी धान्यापासून मद्य गाळण्याला मोकळीक मिळाली, आणि पुढच्या दोन पिढ्यांत लंडनच्या गरिबांमध्ये जिनने हाहाकार उडवला. १७३६ आणि १७५१ चे जिनविषयक कायदे, होगार्थचे १७५१ चे ते भीषण चित्र, हे सर्व त्या काळातले. ती जिन कडक, बेभरवशाची, बहुधा गोड करून विकलेली असे. आज ओळखीची असलेली स्वच्छ, कोरडी ‘लंडन ड्राय’ जिन शक्य झाली ती यंत्रामुळे: ईनिअस कॉफी याने १८३० मध्ये सतत चालणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्राचे पेटंट घेतले, आणि वासरहित शुद्ध मद्यार्क मुबलक झाले. गरिबांचे विष मग साहेबांच्या क्लबात पोहोचले.

आता प्रश्न असा की लंडनची ही बाटली मिलान-तुरीनच्या पेल्यापर्यंत पोहोचली कशी? परंपरा उत्तर देते: फ्लॉरेन्समध्ये. आणि फ्लॉरेन्सचे नाव येथे मुळीच खटकत नाही. १८६५ ते १८७१ या काळात हे शहर इटलीची राजधानी होते. त्याच्या आधीपासून आणि नंतरही तेथे इंग्रजांची मोठी वसाहत होती. कवी, चित्रकार, निवृत्त सरदार, क्षयरोगी, कर्जबुडवे असे सर्व तऱ्हेचे इंग्रज तेथे स्वस्तात चांगले राहत. अशा शहरात इंग्रजी किराणा, इंग्रजी औषधे आणि इंग्रजी जिन मिळणे स्वाभाविक होते.

कथा अशी. साल १९१९. तोर्नाबुओनी रस्त्यावरचे काझोनी नावाचे कॅफे. नेहमीचे गिऱ्हाईक काउंट कामिल्लो नेग्रोनी आत येतो आणि रोजच्या अमेरिकानोत सोड्याऐवजी जिन घालायला सांगतो. पेय थोडे ‘जोरदार’ हवे. बारटेंडर फोस्को स्कार्सेल्ली तसे करतो, आणि पेला वेगळा ओळखू यावा म्हणून लिंबाऐवजी संत्र्याची फोड टाकतो. इतर गिऱ्हाइके ‘नेग्रोनीसारखे अमेरिकानो’ मागू लागतात. पुढे ‘अमेरिकानो’ गळते, ‘नेग्रोनी’ राहते.

काउंट म्हणे अमेरिकेत गेला होता, तेथे त्याने गुरे हाकली, जुगार खेळला, लंडनही पाहिले, आणि मद्यांची जाण घेऊन परतला. ही सजावट इतकी सुबक आहे की इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. बखरीतला नायक असाच असतो: दूरदेशी जातो, पराक्रम करतो, परततो आणि एका वाक्यात नवी रीत पाडून जातो.

तरीही या कथेच्या मागे कागद आहेत, आणि ते गोळा करण्याचे श्रेय कोणा प्राध्यापकाचे नाही. लुका पिक्की हा फ्लॉरेन्समधला बारटेंडर. त्याने या काउंटचा माग काढला आणि २००२ मध्ये आपले संशोधन पुस्तकरूपाने मांडले. कामिल्लो नेग्रोनी नावाचा माणूस खरोखर होता; जन्म १८६८, मृत्यू १९३४. त्याला ‘काउंट’ म्हणावे की नाही यावर मात्र अभ्यासकांचा खल चालतो. आजोबा काउंट होते. नातवापर्यंत ती पदवी कायद्याने पोहोचत होती की केवळ लोकांच्या तोंडी, हा मुद्दा उरतो. आपल्याकडे इनाम गेल्यावरही घराला ‘सरदारांचा वाडा’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार असावा.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे एक पत्र. १३ ऑक्टोबर १९२० चे, लंडनच्या चेल्सी भागातून कामिल्लोच्या एका स्नेह्याने लिहिलेले. काउंट तेव्हा आजारातून उठत असावा, कारण पत्रात प्रकृतीची विचारपूस आहे आणि एक थट्टेचा सल्ला आहे: दिवसाला वीसपेक्षा जास्त नेग्रोनी घेत जाऊ नकोस.

या एका ओळीवर थोडे रेंगाळायला हवे, कारण पुरावा कसा वाचावा याचा हा उत्तम धडा आहे. ती ओळ काय सिद्ध करते? ऑक्टोबर १९२० पर्यंत ‘नेग्रोनी’ हे एका पेयाचे नाव झाले होते, आणि ते लंडनमधील माणसालाही समजत होते. हे पुष्कळ झाले. ती काय सिद्ध करत नाही? १९१९ हे साल; ते परंपरेतून येते. काझोनी कॅफे, तेही परंपरेतून. आणि मुख्य म्हणजे प्रमाण. ती ओळ नाव देते, कृती देत नाही.

हा मुद्दा क्षुल्लक नाही. आजच्या प्रमाणाने एका पेल्यात किती मद्यार्क जाते त्याचा हिशेब सोपा आहे. जिन ४२.८ टक्के, कांपारी २५ टक्के, व्हर्मूथ १६ टक्के धरले, तर प्रत्येकी ३० मिलिलिटरमधून अनुक्रमे सुमारे १३, साडेसात आणि पाच मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येते. एकूण जवळपास २५ मिलिलिटर. असे वीस पेले म्हणजे अर्धा लिटर शुद्ध मद्यार्क. तो पिऊन दुसऱ्या दिवशी कोणी पत्राला उत्तर लिहीत नाही. तेव्हा एक तर सल्ला निव्वळ थट्टेचा, नाही तर १९२० ची नेग्रोनी आजच्यापेक्षा बरीच लहान आणि सौम्य होती: अमेरिकानोत जिनची एक धार, एवढीच. दुसरी शक्यता अधिक पटते. परंपरेतला काउंटसुद्धा पेय ‘जोरदार’ करायला सांगतो, समभाग करायला नव्हे.

समभागाचे प्रमाण छापील स्वरूपात आढळते ते १९२९ च्या एका फ्रेंच पुस्तकात. जिन, कांपारी आणि व्हर्मूथ, तिन्ही सारखी. पण तेथे ‘नेग्रोनी’ हे नाव नाही, दुसरेच आहे. म्हणजे एका ठिकाणी नाव आहे पण कृती नाही, दुसऱ्या ठिकाणी कृती आहे पण नाव नाही. या दोघांची गाठ कागदावर सर्रास पडू लागते ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

मधल्या वर्षांतील शांततेची काही कारणे तर्काने सांगता येतात. अमेरिकेत जानेवारी १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, आणि कॉकटेलची पुस्तके घेणारा मोठा वाचकवर्ग तेथेच होता. इटलीत मुसोलिनीची राजवट आली आणि तिने परकी शब्दांविरुद्ध मोहीम उघडली. ‘बार’ आणि ‘कॉकटेल’ हे दोन्ही शब्द संशयित ठरले. फ्युचरिस्ट कवी मारिनेत्ती याने १९३२ च्या आपल्या पाकविषयक ग्रंथात कॉकटेलला ‘पोलिबीबिता’, म्हणजे अनेकपेय, असा प्रतिशब्द दिला. भाषाशुद्धीच्या चळवळीतले मराठी प्रतिशब्द ज्यांना आठवतात, त्यांना यातली गंभीर गंमत लगेच कळेल. काही शब्द टिकले, काही त्यांच्या कर्त्यांबरोबर गेले. पोलिबीबिता गेला.

आता दुसरा पक्ष. कॉर्सिकाच्या एका नेग्रोनी घराण्याचे म्हणणे असे की या पेयाचा कर्ता कामिल्लो नव्हेच. तो मान पास्काल ओलिव्हिए द नेग्रोनी या फ्रेंच सेनापतीचा. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात घोडदळाचे नेतृत्व केलेला हा अधिकारी त्याआधी सेनेगालमध्ये होता, आणि तेथे १८५७ च्या सुमारास त्याने व्हर्मूथचे एक मिश्रण केले, असा दावा आहे. फ्लॉरेन्सच्या कामिल्लोला आपल्या वंशावळीत जागाच नाही, असेही या पक्षाने सांगितले.

वंशावळीतून एखाद्याला वगळणे आणि तो जन्मलाच नव्हता असे म्हणणे, यात फरक आहे. हे मराठ्यांच्या इतिहासातील घराण्यांच्या कैफियती वाचणाऱ्याला चांगले ठाऊक असते. कामिल्लोच्या अस्तित्वाचे कागद पुढे आल्यावर त्या आक्षेपाचे वजन उरले नाही. राहिला सेनापतीचा दावा. त्यात एक साधी कालविसंगती आहे: कांपारी १८६० ची, आणि प्रसंग १८५७ चा. सेनापतीने व्हर्मूथमध्ये काही मिसळले असेल, आणि त्याच्या सोबत्यांनी त्याला त्याचे नावही दिले असेल. पण आज ज्या पेल्याबद्दल भांडण आहे, त्यातला लाल रंग तेव्हा जगात नव्हता. पुराव्याचे पारडे फ्लॉरेन्सकडे झुकते, आणि ते बरेच झुकते.

एवढे मान्य केले तरी एक गोष्ट सलते. पेल्यावर नाव आहे ते मागणाऱ्याचे. करणाऱ्याचे नव्हे.

परंपरेचीच साक्ष काढली, तर त्या संध्याकाळी निर्णय दोन झाले. ‘यात जिन घाल’ हा काउंटचा. किती घालायची, कोणत्या क्रमाने, कसे ढवळायचे आणि फोड लिंबाची की संत्र्याची, हा स्कार्सेल्लीचा. जिन, व्हर्मूथ आणि कांपारी या तिघांना एकत्र बांधतो तो संत्र्याच्या सालीचा तेलकट वास, हे पेला हाती घेणाऱ्या कोणालाही पहिल्या घोटात कळते. तो अर्धा शोध स्कार्सेल्लीचा आहे. जगातील बहुतेक यादीपत्रकांवर त्याचे नाव नसते. काउंटबद्दल जन्म-मृत्यूची साले, अमेरिकेतील प्रवास, पदवीचा वाद असे बरेच काही लिहिले गेले. स्कार्सेल्ली मात्र बहुतेक लेखांत एका वाक्यात येतो, फोड टाकतो आणि जातो.

वास्तू बांधणाऱ्या गवंड्याचे नाव शिलालेखात क्वचित सापडते, बांधवून घेणाऱ्याचे हमखास. ही तक्रार नवी नाही. येथे मात्र वेळ गेलेली नाही. साधने विसाव्या शतकातील आहेत: फ्लॉरेन्समधील बारटेंडरांच्या तोंडी चालत आलेल्या आठवणी, छायाचित्रे, घरगुती पत्रे. पिक्कीला काउंट सापडला, कारण त्याच धंद्यातल्या माणसांनी त्याची गोष्ट तोंडोतोंडी जपली होती. गल्ल्याच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांकडे पाहणारा सामाजिक इतिहास आज ठिकठिकाणी लिहिला जात आहे. पुण्या-मुंबईच्या इराणी हॉटेलांतील आणि खानावळींतील कामगारांवर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला काझोनीचे उदाहरण उपयोगी पडेल.

युद्धानंतरची प्रसिद्धी झटपट आटोपता येते. १९४७ मध्ये ऑर्सन वेल्स रोममध्ये चित्रपटाच्या कामासाठी होता. त्याने या नव्या पेयाबद्दल विनोद केला: यातले कडू घटक यकृताला चांगले, जिन वाईट, आणि दोघे एकमेकांना तोलून धरतात. वैद्यकदृष्ट्या यात काहीही अर्थ नाही, पण वृत्तपत्रात ते छापून आले. १९६० मध्ये इयान फ्लेमिंगच्या एका कथेत जेम्स बाँडने नेग्रोनी मागवली. १९७२ च्या सुमारास मिलानच्या बार बास्सोमध्ये मिर्को स्तोक्केत्तोच्या हातून जिनऐवजी फेसाळ वाईन पडली आणि ‘नेग्रोनी स्बाल्यातो’, म्हणजे चुकलेली नेग्रोनी, जन्मली. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका अभिनेत्यांच्या मुलाखतीतला तुकडा समाजमाध्यमांवर पसरला आणि पन्नास वर्षांची ती चूक एका आठवड्यात जगभर मागितली जाऊ लागली. येथे निदान ज्याच्या हातून चूक झाली त्याचे नाव टिकले.

आता पेला. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी आधी कायद्याची गोष्ट: १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. या धाग्याचे पुष्कळसे वाचक त्या अटीच्या अलीकडे असतील. त्यांनी कांपारीचा इतिहास वाचावा आणि दवण्याचा वास घ्यावा. इतरांनीही वरचा हिशेब विसरू नये. एक पेला म्हणजे २५ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क, आणि तो गोड लागतो म्हणून हलका होत नाही.

जिन कोरडी आणि ज्यूनिपरचा वास स्पष्ट असलेली हवी. कांपारीपुढे नाजूक जिन बोलतच नाही. गेल्या काही वर्षांत गोव्यात चांगली जिन गाळली जाऊ लागली आहे. त्यांतील ‘हपुसा’ तर हिमालयातील ज्यूनिपर वापरते आणि नावही संस्कृतातून घेते. डच येनेव्हरपासून सुरू झालेली गोष्ट हपुषेपाशी पोहोचावी, हा व्यापाराच्या इतिहासातला एक छान वळसा आहे.

घरी फसते ते सहसा बर्फात. फ्रीजच्या साच्यातले छोटे खडे भराभर वितळतात आणि पेय पाणचट होते. स्टीलच्या वाटीत पाणी गोठवून एक मोठा गोळा करावा, हा उपाय फुकटचा आहे. तिन्ही द्रव्ये औषधाच्या मापाने सारखी मोजावीत. येथे अंदाज चालत नाही, कारण पाच मिलिलिटर कांपारी वाढली तरी तोल जातो. मग जाड बुडाच्या पेल्यात, बर्फावर, चमच्याने सुमारे अर्धा मिनिट शांतपणे ढवळावे. हलवून फेस आणू नये. यात रस नाही, दूध नाही. हवा शिरली तर फक्त गढूळपणा येतो. ढवळताना थोडे पाणी त्यात उतरते आणि ते उतरायलाच हवे. त्या पाण्याशिवाय कडूपणा जिभेला टोचतो.

राहिली स्कार्सेल्लीची फोड. येथे मराठी भाषा थोडी फसवते. इटलीतील ‘संत्रे’ आणि नागपूरचे संत्रे ही वेगळी फळे आहेत. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि वास निराळा. इटालियन फळाची जवळची बहीण म्हणजे जालन्याकडची मोसंबी. वनस्पतिशास्त्रानुसार दोन्ही एकाच जातीची. मोसंबी हे नाव पोर्तुगीजांच्या मोझांबिकवरून आले, हा आणखी एका धाग्याचा विषय. तिची बोटभर साल, पांढरा भाग शक्य तितका टाळून, धारदार सुरीने काढावी आणि पेल्यावर धरून अशी दुमडावी की तेलाचा फवारा पृष्ठभागावर पडेल. मग ती आत सोडावी.

उरलेले व्हर्मूथ कपाटात ठेवू नये. ती वाईन आहे, हवेने बिघडते. फ्रीजमध्ये ठेवावी, महिन्या-दोन महिन्यांत संपवावी, आणि बाटली उघडल्याची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून तिच्यावर चिकटवावी. काझोनीत कोणी तेवढे केले असते, तर या धाग्याचा अर्धा मजकूर वाचला असता.